करवतीचा रूळ

प्लायवूडचा तक्ता, ज्याला बाजारात सर्वत्र 'शीट' असेच म्हणतात, आठ फूट लांब व चार फूट रुंद असतो. कारखान्याच्या मापात सांगावयाचे तर २४४० बाय १२२० मिलिमीटर. कपाटासाठी जो अठरा मिलिमीटर जाडीचा तक्ता वापरतात, त्याचे वजन साधारणतः तीस ते पस्तीस किलो भरते. एवढे मोठे आणि एवढे जड धूड एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ कापणे ही गोष्ट ऐकावयास जितकी सोपी, तितकीच प्रत्यक्षात अवघड आहे. आपल्यापैकी ज्यांनी घरी सुतार लावून कपाटे करून घेतली असतील, त्यांनी हे काम पाहिले असेल. जमिनीवर तक्ता पसरलेला, त्यावर पेन्सिलीची एक लांब रेघ, एक माणूस तक्त्यावर पाय देऊन उभा आणि दुसरा हातात गोल पात्याची विजेची करवत घेऊन त्या रेघेवर नजर लावून पुढे सरकतो आहे. पाते नाकासमोर चालले तर ठीक. केसभर वळले तर पुढच्या आठ फुटांत त्या केसाची दोरी होते.

गोल पाते जात्याच वळू शकत नाही. हातकरवत चुकली तर मनगट फिरवून तिला पुन्हा रेघेवर आणता येते. गोल पाते एकदा लाकडात शिरले की स्वतःच पाडलेल्या खाचेत ते अडकलेले असते. त्याला बळेच वळवू गेल्यास पात्याची मागची कड खाचेच्या भिंतीला घासते, लाकूड काळे पडते, आणि घर्षण वाढले की संपूर्ण यंत्र उसळून चालवणाऱ्याच्या अंगावर येते. बोटे, मांड्या, पाय यांवरच्या कितीतरी जखमा अशा एका क्षणाच्या असतात. तेव्हा ज्या साधनाविषयी आज मला बोलावयाचे आहे, ते केवळ कापाच्या सुबकपणासाठी आहे असे श्रोत्यांनी समजू नये.

या साधनाला इंग्रजीत 'गाइड रेल' म्हणतात. मी त्याला रूळ म्हणणार आहे. आपल्या भाषेत आगगाडीच्या लोहमार्गालाही रूळ म्हणतात, आणि पूर्वी शाळेत व कचेऱ्यांत वह्यांवर रेघा आखावयाचे जे गोल लाकडी दांडके असे, त्यालाही रूळच म्हणत. हे साधन दोन्ही अर्थांनी रूळ आहे. ते रेघ आखूनही देते आणि यंत्राला त्या रेघेवरून चालवतेही.

हातात धरून चालवावयाची गोल पात्याची करवत ही काही फार जुनी गोष्ट नव्हे. अमेरिकेत एडमंड मिशेल नावाच्या संशोधकाने १९२० नंतरच्या काही वर्षांत ती सिद्ध केली व १९२४ साली तिच्यासाठी कंपनी स्थापन झाली. मजुरांच्या ऊस तोडण्याच्या कोयत्यावरून त्याला ती कल्पना सुचली, असे सांगतात. उसाच्या फडातून निघालेले हे यंत्र आज गुवाहाटीपासून कोचीपर्यंत प्रत्येक सुताराच्या पेटीत जाऊन बसले आहे. फक्त त्याला सरळ चालावयास शिकवणारा रूळ मात्र त्याच्याबरोबर आला नाही. पाश्चात्त्य देशांत यंत्र आणि रूळ ही जोडी पुष्कळ ठिकाणी रूढ झाली. आपल्याकडे यंत्र आले, आणि रुळाच्या जागी राहिली ती मिस्त्रीची नजर.

त्या नजरेविषयी मला आदर आहे. परंतु तक्ते बदलले आहेत, हे ध्यानात घ्यावयास हवे. भारतात प्लायवूडचा धंदा वाढला तो चहाच्या खोक्यांसाठी. आसाम आणि ईशान्येकडील जंगलांतल्या थोर वृक्षांच्या सोलपटांवर तो पोसला गेला. १२ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जंगलतोडीविषयी जो आदेश दिला, त्याने ईशान्येतील अनेक गिरण्या थांबल्या आणि या धंद्याचे केंद्र हरियानातील यमुनानगरसारख्या गावांकडे सरकले. तेथे शेताच्या बांधावर वाढणाऱ्या पॉप्लर आणि निलगिरीच्या लाकडापासून तक्ते बनतात. दक्षिणेत केरळातील पेरुंबावूर येथे रबराच्या लाकडाचा उपयोग होतो. जंगलाच्या दृष्टीने हे इष्टच झाले. पण लवकर वाढलेल्या झाडाचा तक्ता, विशेषतः स्वस्तातला, पूर्ण सपाट क्वचितच असतो. त्याला थोडी वाक असते. आतल्या थरांत कोठे पोकळी असते, तर कोठे गोंदाची कठीण गाठ. पाते पोकळीतून गाठीत शिरते तेव्हा हिसका बसतो. असा हिसका हाताने सावरता येत नाही. शेजारी आधार असेल तरच सावरतो.

आता निवडीच्या प्रश्नाकडे येऊ. दुकानात गेल्यावर पहिला प्रश्न लांबीचा येतो, आणि येथेच बहुतेकांचा हिशेब चुकतो. तक्ता आठ फुटांचा, म्हणून रूळ आठ फुटांचा, असे मनाशी धरून लोक जातात. पण करवतीचा तळ स्वतःच सुमारे एक फूट लांब असतो. पाते तक्त्याला भिडण्यापूर्वीच त्या तळाला रुळाची सोबत मिळावयास हवी, आणि पाते तक्त्याच्या दुसऱ्या टोकातून बाहेर पडेपर्यंत ती सुटता कामा नये. कापाच्या सुरुवातीस आणि शेवटीच यंत्र वाकडे जाण्याचा संभव अधिक असतो. म्हणून २४४० मिलिमीटरच्या कापाला निदान २७०० मिलिमीटरचा रूळ लागतो, आणि ३००० चा असल्यास हात मोकळा राहतो. आडव्या, म्हणजे चार फुटांच्या कापाला १४०० किंवा १५०० चा रूळ पुरतो. बाजारात या लांबी मिळतात त्या यामुळेच.

मग एकदम तीन मीटरचाच रूळ का घेऊ नये? ज्याची स्वतःची कार्यशाळा आहे आणि जो तक्ते तेथेच कापतो, त्याने अवश्य घ्यावा. परंतु मुंबईसारख्या शहरात जो सुतार आज एका इमारतीच्या सातव्या मजल्यावर आणि उद्या दुसऱ्या उपनगरात काम करतो, त्याने तो न्यावा कसा? तीन मीटरची दांडी लिफ्टमध्ये मावत नाही, रिक्षात मावत नाही आणि लोकलच्या गर्दीत ती घेऊन शिरणाऱ्याचे स्वागत कसे होईल, हे सांगावयास नको. त्याला दीड-दीड मीटरचे दोन तुकडे घेऊन ते सांधणे भाग आहे.

सांध्याची गोष्ट मात्र नीट समजून घेतली पाहिजे. दोन तुकड्यांच्या पोटातील खाचेत लोखंडी किंवा ॲल्युमिनियमच्या पट्ट्या सरकवून त्या स्क्रूने आवळतात. पट्टी खाचेत किंचित सैल बसली, समजा दोनशे मिलिमीटरच्या पट्टीत एक दशांश मिलिमीटरचा फरक राहिला, तर चौदाशे मिलिमीटर लांबीच्या दुसऱ्या तुकड्याच्या टोकाशी तोच फरक सात दशांश मिलिमीटर होतो. म्हणजे काप मध्यावर मोडलेला दिसेल, आणि अशा दोन फळ्या एकमेकींना चिकटवल्यावर मध्ये फट पडेल. यावर उपाय एकच. दोन्ही तुकडे एखाद्या खात्रीच्या सरळ कडेला टेकवून मगच स्क्रू आवळावेत. तुकड्यांची टोके एकमेकांवर घट्ट दाबू नयेत. मध्ये कागद शिरेल एवढी फट राहू द्यावी. कारण टोके यंत्राने कापलेली असली तरी ती अगदी काटकोनात असतीलच असे नाही, आणि ती दाबली की तीच सगळ्या रुळाला वाकवतात.

दुसरा प्रश्न घट्टपणाचा. येथे एक गंमत आहे. मोठ्या कारखान्यांचे रूळ रुंद आणि चपटे असतात. सुमारे दोनशे मिलिमीटर रुंद आणि जेमतेम पाच मिलिमीटर उंच. हातात उचलले की ते लवतात, आणि गिऱ्हाइकाच्या मनात शंका येते. शेजारीच एखादी जाड, अरुंद पट्टी असते, जिच्या दोन टोकांना पकडीची सोय असते. ती हातात भक्कम लागते. पण रूळ तक्त्यावर पडून असतो, तेव्हा वरखाली लवण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. करवत त्याला रेटते ती आडव्या दिशेने. आणि आडव्या दिशेतील ताठपणा हा रुंदीवर अवलंबून असतो, तोही रुंदीच्या घनाच्या प्रमाणात. म्हणून हातात लवणारा रुंद रूळ कामात ताठ राहतो, आणि दोन टोकांना पकडलेली अरुंद पट्टी आठ फुटांच्या मध्यावर धनुष्यासारखी बाहेर जाते. दुकानात परीक्षा करावयाची असल्यास पट्टीची दोन्ही टोके फळीला आवळावीत आणि मध्यावर अंगठ्याने आडवे रेटून पाहावे. डोळ्याला हललेली दिसली तर ती चार फुटांपुरतीच ठीक समजावी.

रूळ मुळात सरळ आहे की नाही, हे तपासण्यास कोणतेही उपकरण लागत नाही. तक्त्यावर रूळ ठेवून टोकदार पेन्सिलीने एक रेघ ओढावी. मग रूळ उचलून टोकाला टोक असा फिरवावा, म्हणजे तीच कड आता दुसऱ्या बाजूने त्याच रेघेला लागेल, आणि पुन्हा रेघ ओढावी. दोन रेघा एकजीव झाल्या तर रूळ सरळ. मध्ये फट दिसली तर रुळाचा दोष त्या फटीच्या निम्मा आहे. दोष दुप्पट होऊन दिसतो, हेच या रीतीचे सामर्थ्य. कापलेल्या फळ्यांच्या बाबतीतही असेच करता येते. एकाच मांडणीत कापलेल्या दोन फळ्यांच्या कडा एकमेकींना भिडवून उजेडासमोर धरल्या की सारे कळते.

तिसरा प्रश्न, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा, यंत्र आणि रूळ यांच्या जुळणीचा. चांगल्या रुळाच्या पाठीवर एक उंचवटा असतो आणि करवतीच्या तळाला तशीच खाच. उंचवट्यावर खाच बसली की यंत्र डावीउजवीकडे जाऊच शकत नाही. ढकलणाऱ्याला फक्त पुढे जावयाचे असते. परंतु प्रत्येक कारखान्याचा उंचवटा निराळा. काही जर्मन आणि जपानी कारखान्यांची मापे इतकी सारखी आहेत की एकाचे यंत्र दुसऱ्याच्या रुळावर सुखाने धावते. इतरांचे मात्र स्वतःच्या रुळाशिवाय पान हलत नाही. (आकाशवाणीवरून मालाची नावे घेऊ नयेत हा शिष्टाचार मी पाळतो, दुकानदार ती आनंदाने सांगेल.) आपली साधी करवत असेल तर तिच्या तळाखाली बसवावयाचा जोड-तळ मिळतो का, हे रूळ घेण्याआधी पाहावे. मिळत असेल तर आपले यंत्र बरोबर नेऊन दुकानातच बसवून पाहावे. खाचेत थोडीशी सैल हालचाल असतेच. ती कमी करण्यासाठी तळाला लहान स्क्रू किंवा फिरकी असावी. जेथे ही सोय नाही, तेथे महागडा रूळ घेऊनही काप नागमोडीच येईल.

करवतीचे पाते तिच्या तळाच्या कडेला समांतर आहे की नाही, हेही येथेच पाहून घ्यावे. अर्थात प्लग काढून. पात्याच्या एका दातावर खूण करून तो दात पुढे असताना कडेपासूनचे अंतर मोजावे, मग पाते फिरवून तोच दात मागे आणून पुन्हा मोजावे. फरक आढळला तर दोष यंत्राचा आहे, आणि तो कोणत्याही रुळाने जाणार नाही.

रुळाच्या कडेला रबराची किंवा प्लास्टिकची एक पातळ पट्टी असते. पुष्कळांना ती शोभेची वाटते. वस्तुतः कापाचा सुबकपणा तिच्यावर अवलंबून असतो. गोल पात्याचे दात तक्त्याच्या खालून शिरून वर बाहेर पडतात. बाहेर पडताना ते वरच्या पातळ थराला आधार नसल्याने त्याच्या चिपा उडवतात. धाग्याला आडवा काप असेल तर फारच. म्हणून जुने मिस्त्री चांगला पृष्ठभाग खाली ठेवून कापतात, आणि ते बरोबरच आहे. रुळाची पट्टी पहिल्या कापातच त्या पात्याने नेमकी तासली जाते आणि पुढे प्रत्येक वेळी थेट कापाच्या रेघेवर थराला दाबून धरते. मग चांगली बाजू वर ठेवली तरी चिप उडत नाही. तीच पट्टी रेघेवर लावली की काप कोठे होणार हेही कळते. अंतराची वजाबाकी करावी लागत नाही. तेव्हा ही पट्टी बदलून मिळते का, हे विचारल्यावाचून रूळ घेऊ नये. आणि एक सावधगिरी: पट्टी ज्या करवतीने तासली, तिच्यासाठीच ती खरी. दुसरी करवत किंवा निराळ्या जाडीचे पाते आले की नवी पट्टी लागते. शिवाय ती रुळाखालच्या बाजूलाच सांभाळते; बाहेर पडणाऱ्या तुकड्याची कड खडबडीत येणारच. म्हणून रूळ नेहमी उपयोगी तुकड्यावर ठेवावा आणि पात्याच्या जाडीची खाच, सुमारे दोन ते अडीच मिलिमीटर, टाकाऊ बाजूत जाऊ द्यावी.

पात्याविषयी दोनच शब्द. प्लायवूडला चाळीस ते साठ दातांचे, टंगस्टन कार्बाइडची टोके असलेले पाते हवे. भारतीय मानक ७१० प्रमाणे बनलेल्या सागरी प्लायवूडचा गोंद साध्या पोलादाला फार दिवस धार ठेवू देत नाही. पात्याचे दात तक्त्याखाली पाचसहा मिलिमीटर बाहेर येतील एवढीच खोली ठेवावी. रुळाची जाडी त्यात धरावी.

आता जी गोष्ट बोलावयास मला संकोच वाटत नाही, ती बोलतो. आपल्या देशात असंख्य सुतार प्लायवूड कापतात ते करवतीने नव्हे, तर फरशी कापण्याच्या लहान यंत्राने. त्याला 'मार्बल कटर' म्हणतात. ते स्वस्त, हलके, आणि चार-पाच इंची दातेरी पाते बसवले की लाकडातही चालते. परंतु फरशीचे पाते दातेरी नसते, त्यामुळे त्या यंत्राला खालून पाते झाकणारी, आपोआप मिटणारी ढाल दिलेलीच नसते. मिनिटाला बारा-तेरा हजार फेरे घेणारे उघडे दात, एका हाताने धरलेले यंत्र आणि पायाखाली दाबलेला तक्ता, हा संयोग किती भयंकर आहे! खऱ्या करवतीचे फेरे त्याच्या निम्म्याहूनही कमी असतात आणि काप संपताच तिची ढाल मिटते. अशा कटरसाठीही स्वस्त रूळ विकले जातात. रुळाने काप सरळ येईल, पण ढाल येणार नाही. ज्याच्याजवळ मोजकेच पैसे आहेत, त्याने रुळावर खर्च करण्यापूर्वी कटरच्या जागी करवत घ्यावी, आणि रूळ घरी करावा असे मी निःसंकोच सांगेन.

घरी रूळ करणे हे मुळीच कठीण नाही. सहा मिलिमीटर प्लायवूडची फूटभर रुंद पट्टी घ्यावी. तिच्यावर नऊ किंवा बारा मिलिमीटरची, तीनचार इंच रुंद दुसरी पट्टी गोंद आणि स्क्रूने अशी बसवावी की तिची कारखान्यातून आलेली अस्पर्श कड करवतीच्या बाजूला येईल. याहून जाड पट्टी नको. यंत्राची मोटर तिला अडते. गोंद वाळल्यावर करवतीचा तळ त्या कडेला टेकवून एकदा टोकापासून टोकापर्यंत चालवावी. खालच्या पट्टीचा जास्तीचा भाग कापून पडेल, आणि जी कड उरेल ती नेमकी पात्याची वाट असेल. ती रेघेवर लावून दोन टोकांना क्लॅम्प आवळले की काम सुरू. कारखान्याच्या रुळाचा उंचवटा याला नसतो, त्यामुळे यंत्र कडेपासून दूर जाऊ शकते. हाताचा किंचित दाब कडेकडे ठेवावा लागतो. पावसाळ्यात अशी पट्टी फुगते, वाकते. वर्षाकाठी नवी करावी. पण एका तक्त्याच्या उरल्यासुरल्या तुकड्यांतून ती होते. गवंड्यांची ॲल्युमिनियमची चौकोनी पट्टीही अनेक जण वापरतात. ती सरळ असते, पण तिच्यापासून पात्यापर्यंतचे अंतर दर वेळी मोजावे लागते, आणि मोजणे आले की घाई आली.

कारखान्याची कड सरळ असली तरी तक्ता चौकोनी असेलच असे नव्हे. त्याचे दोन्ही कर्ण मोजावेत. पूर्ण मापाच्या तक्त्याचा कर्ण २७२८ मिलिमीटर येतो, आणि दोन्ही कर्ण सारखे हवेत. रूळ केवळ सरळपणा देतो. काटकोन गुण्याने पाहावा लागतो आणि माप दोन्ही टोकांना निरनिराळे घ्यावे लागते. हे काम कोणताही रूळ आपल्यासाठी करीत नाही, दुकानदार काहीही म्हणो.

काप घेताना तक्ता पूर्णपणे टेकलेला असावा. जमिनीवर थर्मोकोलचा जाड तक्ता पसरून त्यावरच कापणे ही सर्वांत सोपी रीत. पाते थर्मोकोलमध्ये थोडे शिरते, बिघडत काही नाही, आणि कापलेले दोन्ही तुकडे जागच्या जागी राहतात. थर्मोकोल नसल्यास चार रिपा घालाव्यात, त्यांपैकी दोन कापाच्या दोन्ही बाजूंना. मधला आधार सुटला की तुकडे आत वळून पात्याला चिमटा घेतात, आणि मग ते उसळणे येते. नाकातोंडावर मुखपट्टी असावी. लाकडाची धूळ कर्करोगास कारणीभूत होते असा निर्णय आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली दिला आहे, आणि बंद खोलीत दिवसभर भुशात उभा राहणारा माणूस ती धूळ जन्मभर ओढीत असतो.

ज्याला वर्षातून एकदाच चार फळ्या कापावयाच्या आहेत, त्याने यांपैकी काहीच घेऊ नये. मोठ्या शहरांतील प्लायवूडच्या अनेक दुकानांत टेबलावरच्या मोठ्या यंत्रावर तक्ते मापाने कापून देतात. त्याला कागदावर मापे लिहून द्यावीत, प्रत्येक कापाला पात्याची जाडी वजा धरावयास सांगावी, आणि तुकडे घरी आणावेत. ज्याचे पोटच या कामावर आहे, त्याने मात्र किमतीचा विचार तक्त्यांच्या हिशेबात करावा. वर्षभरात वाकड्या कापाने आणि उडालेल्या चिपांनी किती तक्ते वाया जातात, हे त्याला माझ्याहून अधिक ठाऊक असते. त्यातून पहिल्याने दीड मीटरचा एक चांगला रूळ घ्यावा, लांब कापांसाठी घरचा वापरावा, आणि पुढे त्याच जातीचा दुसरा दीड मीटर घेऊन दोन्ही सांधावेत. दोन निराळ्या जातींचे तुकडे सांधण्याच्या भानगडीत पडू नये.

घेतलेला रूळ भिंतीला तिरपा टेकवून ठेवू नये; उन्हाळाभर तसा राहिला तर पोटात बाक येतो. एका टोकाला भोक असते, त्यात खिळा घालून तो उभा टांगावा, नाहीतर माळ्यावर सपाट निजवावा. खालच्या रबरी पट्ट्यांत भुसा बसला की त्या तक्त्यावर घसरू लागतात, म्हणून त्या अधूनमधून ओल्या फडक्याने पुसाव्यात आणि कोरड्या झाल्यावरच रूळ पुन्हा तक्त्यावर ठेवावा.